ब्रेक पॅड घेताना पैसा कोठे वाचवावा?

आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांपैकी बऱ्याच जणांच्या दारात आता एखादी मोटार उभी असते. कोणाची ऑल्टो, कोणाची वॅगनआर, कोणाची ईको. बहुतेक वेळा ती दुसऱ्या हाताने घेतलेली असते आणि तिच्याकडून तीन गाड्यांचे काम करून घेतले जाते. सकाळी मुले शाळेत पोहोचवायची, दुपारी मागची सीट पाडून कापडाचे ताके किंवा तयार मालाची गाठोडी भरायची आणि लग्नसराईत घरातली सात-आठ माणसे बसवून गावी जायचे. अशा गाडीचा मिस्त्री एक दिवस सांगतो, "शेठ, पुढचे पॅड संपले." मग आपला पहिला प्रश्न असतो, किती लागतील?

प्रश्न रास्त आहे. धंदा करणाऱ्या माणसाने खर्च विचारायचा नाही तर कोणी विचारायचा? पण स्पेअर पार्टच्या दुकानात गेले की एकाच गाडीच्या पॅडचे चार-चार भाव ऐकायला मिळतात आणि सर्वात महागाचा सर्वात स्वस्ताच्या तिप्पट असतो. काउंटरवरचा मुलगा म्हणतो, सगळे सारखेच, नावाचे पैसे आहेत. शेजारी उभा असलेला गिऱ्हाईक म्हणतो, कंपनीचेच घ्या, बाकी सगळा कचरा. दोन्ही म्हणणी अर्धवट आहेत. कमी पैशात चांगला माल मिळतो, पण पैसा कोठे वाचवायचा आणि कोठे वाचवायचा नाही हे आधी ठरवावे लागते.

कापड हाताला कळते, पॅड कळत नाही

आपण कापडवाले लोक माल हाताने ओळखतो. ताका उलगडला, बोटांत चोळला, उजेडापुढे धरला की वीण दाट आहे की विरळ हे समजते. हलक्या कापडाला खळ जास्त देऊन कोणी ते वजनदार केले असेल तर कोपरा ओला करून चोळला की खळ सुटते आणि खरे पोत उघडे पडते. सूत सुती आहे की पॉलिस्टर मिसळलेले आहे हे एक धागा जाळून वासावरून सांगणारे जुने व्यापारी आजही आहेत.

ब्रेक पॅडच्या बाबतीत ही विद्या कामाला येत नाही. पॅड म्हणजे एक पोलादी पट्टी आणि तिच्यावर दाबून, तापवून चिकटवलेला काळपट-करडा मसाला. त्या मसाल्यात तंतू, धातूची पूड, खनिजे, रबर, ग्रॅफाइट असे दहा-पंधरा किंवा त्याहून अधिक पदार्थ असतात आणि ते सगळे एका राळेने बांधलेले असतात. चांगला पॅड आणि वाईट पॅड टेबलावर शेजारी ठेवले तर दोन्ही सारखेच दिसतात. वाईटाचा रंग उलट जास्त चकचकीत असण्याची शक्यता असते. फरक कळतो तो मसाला तीनशे अंशांवर तापला की, आणि त्या वेळी आपण घाटात असतो.

म्हणून येथे माल तपासून घेता येत नाही, माल बनवणारा आणि विकणारा तपासून घ्यावा लागतो. खाली जे सांगितले आहे ते सगळे या एका गोष्टीतून निघते.

उष्णतेचा खेळ

आपल्याकडच्या छोट्या मोटारींत साधारणपणे पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. पुढे चाकाबरोबर फिरणारी एक लोखंडी तबकडी असते, तिला डिस्क म्हणतात. तिच्यावर कॅलिपर नावाचा चिमटा बसवलेला असतो आणि चिमट्याच्या दोन जबड्यांत एकेक पॅड असते. आपण पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे सरकतो आणि दोन्ही पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी घट्ट धरतात. ब्रेक मारताना गाडीचा भार पुढे येतो, त्यामुळे थांबवण्याचे बहुतांश काम या पुढच्या चार पॅडांवर पडते.

गाडीची गती कोठे जाते? ती सगळी उष्णतेत जाते. आणि येथे एक हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा आहे. वेग दुप्पट झाला तर ही उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी ४० च्या वेगाने जाणारी गाडी थांबवताना जेवढी उष्णता तयार होते त्याच्या चौपट ताशी ८० ला होते. भाराचा हिशेब सरळ आहे. समजा गाडी हजार किलोची आहे आणि तीत पाचशे किलो माल भरला, तर प्रत्येक वेळी थांबताना पॅडवर दीडपट ताप. शहरात एकटा माणूस चालवतो त्या गाडीला जो पॅड पुरेसा आहे, तोच पॅड भरलेल्या गाडीखाली घाटात पुरेलच असे नाही. कंपनीने गाडीसाठी जो भार ठरवून दिला आहे त्याच्यावर माल भरला तर कोणताही महाग पॅड त्याची भरपाई करू शकत नाही, हेही येथेच सांगून टाकतो.

मसाल्यातली राळ मर्यादेपलीकडे तापली की ती जळू लागते, तिच्यातून वायू सुटतो आणि पॅड व डिस्क यांच्यामधली पकड ढिली होते. पेडल पायाला कडक लागते, पण गाडी थांबत नाही. चांगल्या कारखान्यात पॅड साच्यात दाबल्यावर पुन्हा भट्टीत भाजून घेतात, पुष्कळदा पृष्ठभाग मुद्दाम जाळून काढतात, म्हणजे हा वायू गिऱ्हाइकाच्या गाडीत निघण्याऐवजी कारखान्यातच निघून जातो. हलका माल बनवणारा वेळ आणि वीज वाचवायला नेमकी हीच पायरी गाळतो. सुकवण्यात घाई केलेला रंग पहिल्या धुण्यात उतरतो, तसाच हा प्रकार.

माझ्या ओळखीचे एक ग्रे कापडाचे व्यापारी नाशिककडून मुंबईला ईकोमध्ये माल घेऊन निघाले होते. गाडीला आठवडाभरापूर्वीच नवे पॅड घातलेले. इगतपुरी सोडून कसाऱ्याचा घाट उतरताना अर्ध्या उतारावर जळका वास येऊ लागला आणि पेडल लाकडासारखे कडक झाले. माणूस जुना चालवणारा होता. त्यांनी तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरमध्ये गाडी घातली, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूला गाडी लावली. पुढे गॅरेजमध्ये चाक खोलले तेव्हा पॅडच्या मसाल्याला काठाने भेगा गेलेल्या होत्या आणि एका पॅडचा मसाला पट्टीपासून सुटायला लागला होता. पट्टीवर ना कंपनीचे नाव, ना कसला नंबर. बिल मागितले नव्हतेच. चांगल्या पॅडच्या मानाने त्यांचे चारशे-पाचशे रुपये वाचले होते.

उतारावर गाडी कमी गिअरमध्ये ठेवणे आणि ब्रेकवर पाय सतत टेकवून न ठेवणे, हा सर्वात स्वस्त उपाय आहे. त्याला पैसा लागत नाही आणि पॅडही जास्त टिकते.

कोणता मसाला घ्यावा?

दुकानदार तीन नावे सांगतो. ऑरगॅनिक, सेमी मेटॅलिक आणि सिरॅमिक.

ऑरगॅनिक म्हणजे तंतू आणि राळेचा, धातू कमी असलेला मसाला. आवाज कमी, डिस्कला मऊ, थंड असतानाही पकड चांगली आणि भाव कमी. फार तापला तर लवकर दमतो. आपल्याकडच्या छोट्या मोटारी कारखान्यातून येतात त्या बहुधा याच जातीचे पॅड घालून. सेमी मेटॅलिकमध्ये पोलादाचे तंतू भरपूर असतात. तो उष्णता चांगली सोसतो आणि भार ओढणाऱ्या गाडीला उपयोगी पडतो, पण थोडा आवाज करतो, धूळ काळी पडते आणि डिस्क जास्त झिजवतो. सिरॅमिक शांत असतो, चाकांवर धूळ कमी पडते, किंमत मात्र चढी. बिगर आवाजाची गाडी आणि चकचकीत चाके ज्यांना हवीत त्यांनी जरूर घ्यावा. माल वाहणाऱ्या ईकोला त्यात मोठा फायदा आहे असे मला वाटत नाही.

माझे मत विचाराल तर साधा नियम हा की गाडीच्या कंपनीने मुळात ज्या जातीचा पॅड दिला, त्याच जातीचा, नावाजलेल्या कारखान्याचा घ्यावा. त्या गाडीची डिस्क, कॅलिपर आणि पिस्टनचा आकार त्याच मसाल्याला धरून ठरवलेला असतो. शर्यतीच्या गाडीचे म्हणून विकले जाणारे पॅड तर रोजच्या गाडीला घालूच नयेत. ते गरम झाल्यावरच नीट पकडतात आणि सकाळी पहिल्या चौकात थंड पॅड दगा देऊ शकतो.

दुकानातले चार भाव

आता ते चार भाव कोणते ते पाहू. सर्वात वर गाडीच्या कंपनीच्या नावाचा डबा. मारुतीच्या गाडीला मारुतीचा, ह्युंदाईला ह्युंदाईचा. गाडीची कंपनी साधारणपणे पॅड स्वतः बनवत नाही, ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यांकडून बनवून घेते आणि आपल्या डब्यात घालून विकते. दुसरा भाव अशा कारखान्यांच्या स्वतःच्या नावाचा. राणे, ब्रेक्स इंडिया, अलाइड निप्पॉन, बॉश, मासू ही नावे बाजारात सर्वांना ठाऊक आहेत. तिसरा भाव अशा नावांचा, जी एखाद्या शहरातल्या दोन-चार दुकानांतच दिसतात. चौथा भाव नाव नसलेल्या किंवा नावाची नक्कल केलेल्या डब्याचा.

तंग खिशाच्या माणसाची जागा दुसऱ्या भावात आहे. कापडात आपण हेच करतो. मोठ्या ब्रँडचा शिक्का मारलेले कापड ज्या गिरणीतून येते, त्याच दर्जाचे कापड गिरणीच्या आपल्या नावाने कमी भावात मिळते, हे गिऱ्हाइकाला माहीत नसले तरी आपल्याला माहीत आहे. एक अट मात्र आहे. तो पॅड आपल्या गाडीच्या नेमक्या मॉडेलसाठी बनवलेला पाहिजे.

ही अट बोलायला सोपी आणि पाळायला अवघड. एकाच नावाच्या गाडीचे वेगवेगळ्या सालांत वेगवेगळे कॅलिपर येतात. "वॅगनआरचे द्या" एवढे सांगून भागत नाही. गाडीचे साल, इंजिन आणि जमल्यास आरसी बुकावरचा चॅसिस नंबर दुकानदाराला द्यावा आणि त्याला कारखान्याच्या यादीतून पार्ट नंबर काढायला सांगावे. मिस्त्रीने जुना पॅड काढून दिला असेल तर तो बरोबर न्यावा आणि नव्याशेजारी ठेवून पाहावा. पट्टीचा आकार, दोन्ही टोकांचे कान, मागची पातळ पत्र्याची चकती आणि झीज सांगणारी पत्र्याची जीभ, हे सगळे जुळले पाहिजे. "थोडे घासले की बसेल" असे कोणी म्हणाले तर तो पॅड तिथेच परत करावा. कान घासून बसवलेला पॅड कॅलिपरमध्ये अडकतो किंवा खडखडतो.

डबा हातात आला की घाई करू नये. आवेष्टित मालाच्या नियमांप्रमाणे डब्यावर बनवणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, सर्व करांसह किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असला पाहिजे. डब्यावरचा पार्ट नंबर आणि पॅडच्या पट्टीमागे छापलेला नंबर एकच आहे का ते पाहावे. बॅच नंबर आहे का, छपाई फुटलेली आहे का, नावाच्या स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर बदललेले आहे का? आपल्याकडे लुंगी आणि साडीच्या लेबलांची नक्कल कशी होते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही नजर शिकवावी लागत नाही. पट्टीवर गंज, मसाल्याच्या काठाला भेग, पट्टी आणि मसाला यांच्यात फट, यांपैकी काहीही दिसले तर माल घेऊ नये.

काही पॅडांच्या पाठीवर इंग्रजी अक्षरांची जोडी छापलेली असते, ई-ई, एफ-एफ, जी-जी अशी. ही अमेरिकी पद्धतीची खूण आहे. पहिले अक्षर साधारण तापमानाला घर्षण किती ते सांगते, दुसरे खूप तापल्यावर किती ते. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी त्याच्या वर. दोन्ही अक्षरे सारखी असली की तापल्यावर पकड फारशी ढळत नाही असे समजावे. पण टिकाऊपणा, आवाज, मजबुती यांविषयी ही अक्षरे काही बोलत नाहीत. म्हणून "जी-जी आहे, बेस्ट आहे" एवढ्यावर फसू नये. युरोपात बदली पॅडसाठी आर ९० नावाचा नियम आहे. त्यात बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्के इकडे-तिकडे इतक्या मर्यादेत असावी लागते आणि पॅडवर वर्तुळात ई हे अक्षर आणि क्रमांक असतो. ही खूण खरी असेल तर ती वजनदार आहे. आपल्याकडे ब्रेक लायनिंगसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस २७४२ हे मानक आहे.

बिल अवश्य घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या किमतीचा डबा हाती आला तर भाव विचारून घ्यावा. बिलाशिवाय शंभर-दीडशे रुपये कमी घेणारा दुकानदार आपल्याला सवलत देत नसतो. उद्या माल खोटा निघाला तर तक्रार करायचा आपला हक्क तो तेवढ्यात विकत घेत असतो. नामांकित कंपनीचे नाव नकली मालावर घालणे हा १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली किमान सहा महिने कैदेचा गुन्हा आहे, पण हाती बिल नसेल तर पुढे काही सिद्ध करता येत नाही. गाडी माल वाहतुकीच्या नावावर नोंदलेली असेल तर या खर्चावरचा जीएसटी वळता करून घेता येतो का, हे आपल्या कर सल्लागाराला जरूर विचारावे. खाजगी मोटारीला ती सोय सहसा नाही.

वापरलेले पॅड, मग ते भंगारातल्या कितीही नव्या गाडीचे असोत, घेऊ नयेत. जुन्या पट्टीवर नवा मसाला चिकटवून देणारेही आहेत. ट्रकच्या ड्रम ब्रेकच्या शूला रिव्हेट मारून नवे लायनर बसवणे हे जुने, चांगले काम आहे आणि हुशार कारागीर ते उत्तम करतात. पण मोटारीच्या डिस्क पॅडचा मसाला कारखान्यातच उष्णता आणि दाबाखाली पट्टीवर बसवावा लागतो. टेबलावर गोंदाने तो बसत नाही.

कागदावरचा हिशेब

आकडे नमुन्याचे आहेत, आपापल्या गाडीचे घालून पाहावेत. समजा चांगल्या कारखान्याचा चार पॅडचा संच १,४०० रुपयांना आणि बसवण्याची मजुरी ४००. एकूण १,८००. तो ४०,००० किलोमीटर चालला तर किलोमीटरला साडेचार पैसे. बेनामी संच ६०० ला, मजुरी तीच ४००, एकूण १,०००. तो १५,००० किलोमीटरमध्ये संपला तर किलोमीटरला साडेसहा पैशांच्या वर. म्हणजे पहिल्या दिवशी ज्याने ८०० वाचवले, त्याने चाळीस हजार किलोमीटरमध्ये तेवढेच पुन्हा घालवले. गॅरेजमध्ये गाडी उभी राहिलेले दिवस वेगळेच.

त्यात आणखी एक भर. कडक, खडेदार मसाल्याने किंवा पट्टीपर्यंत संपलेल्या पॅडने डिस्कला चरे पडले तर दोन्ही डिस्क बदलाव्या लागतात आणि तो खर्च पॅडच्या खर्चाहून मोठा असतो. म्हणून खरी बचत स्वस्त पॅडात नाही, वेळेवर बदलण्यात आहे. नव्या पॅडचा मसाला साधारण दहा मिलिमीटर जाड असतो. तो तीनपर्यंत आला की बदलावा. शहरात, सिग्नलवर सिग्नल असलेल्या रस्त्यांवर पॅड २५-३० हजार किलोमीटरमध्ये संपू शकते, हमरस्त्यावर ५० हजार गाठते. किलोमीटर मोजून भागत नाही, चाक खोलून पाहावे लागते. टायर फिरवायला किंवा पंक्चर काढायला चाक उतरले की त्याच वेळी पाहून घ्यावे, वेगळी मजुरी लागत नाही.

गाडी स्वतःही सांगते. ब्रेक मारताना बारीक शिट्टीसारखा आवाज सतत येऊ लागला तर झीज सांगणारी पत्र्याची जीभ डिस्कला लागू लागली आहे असे समजावे. लोखंडावर लोखंड घासल्याचा खरखरीत आवाज आला तर उशीर झाला आहे. डॅशबोर्डवरचा हँडब्रेकचा लाल दिवा उगाच लागत असेल तर पुष्कळदा ब्रेक ऑइलची पातळी खाली गेलेली असते, कारण पॅड झिजले की पिस्टन पुढे येतो आणि ऑइल त्याच्या मागे उतरते. अशा वेळी नुसते ऑइल ओतून दिवा विझवणारा मिस्त्री आपले भले करत नाही. आधी पॅड पाहावे.

गॅरेजमध्ये उभे राहून

पॅड आपण आणावेत आणि बसवायला ओळखीच्या मिस्त्रीकडे द्यावेत, यात गॅरेजचा नफा थोडा कमी होतो, म्हणून मजुरी देताना हात आखडू नये. मजुरीच्या बदल्यात काम पुरे करून घ्यावे. नुसते जुने काढून नवे घालायला वीस मिनिटे लागतात. नीट काम तासाभराचे आहे.

पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते. जुने चारही पॅड हातात घेऊन पाहावेत. आतला पॅड फार झिजलेला आणि बाहेरचा तसाच असेल तर कॅलिपरच्या पिना जाम आहेत किंवा पिस्टन परत येत नाही. तो दोष तसाच ठेवून नवे पॅड घातले तर तेही तसेच जातील आणि दोष पॅडला दिला जाईल. पिना काढून, स्वच्छ करून, ब्रेकसाठी बनवलेले सिलिकॉन ग्रीस लावून घालाव्यात. साध्या ग्रीसने रबरी टोप्या फुगतात. मसाल्यावर किंवा डिस्कवर ग्रीसचा बोटभर डागही लागता कामा नये. तेल प्यालेला पॅड धुऊन पुन्हा चांगला होत नाही.

डिस्कच्या काठावर किंवा मधल्या भागावर कमीत कमी जाडी कोरलेली असते. मिस्त्रीकडे व्हर्नियर असेल तर मोजून घ्यावी. जाडी उरली असेल आणि चरे हलके असतील तर डिस्क बदलायची गरज नाही. लेथवर हलका हात मारून घेता येतो, पण घासल्यावरही ती कोरलेल्या आकड्याच्या वर राहिली पाहिजे. "पॅडबरोबर डिस्कही बदला" हा सल्ला कधी खरा असतो आणि कधी बिल वाढवण्यासाठी असतो. व्हर्नियर त्याचा निकाल लावतो.

पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइल टाकीतून वर येते. ते गाडीच्या रंगावर सांडले तर रंग उतरतो, म्हणून आधी थोडे काढून घ्यावे. ऑइल दोन वर्षांहून जुने असेल तर याच वेळी बदलून टाकावे. ते हवेतला ओलावा शोषते आणि ओलाव्याने त्याचा उकळबिंदू उतरतो. डॉट ३ जातीचे कोरडे ऑइल किमान २०५ अंशांना उकळते, ओलावा शिरल्यावर ते १४० पर्यंत येऊ शकते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळले की पेडल स्पंजासारखे मऊ होऊन खाली जाते. टोपणावर जी जात लिहिली आहे तीच घालावी आणि सीलबंद बाटलीतूनच. डब्यात उरलेले, महिनोन्महिने उघडे पडलेले फुकट मिळाले तरी नको.

गॅरेजमध्ये काम करणाऱ्या बांधवांना एक विनंती. चाक खोलले की एअरच्या पाइपने ब्रेकची धूळ उडवायची सवय सर्वत्र आहे. पूर्वी ब्रेकच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास असे आणि आपल्या देशात त्याच्या वापरावर अजूनही सरसकट बंदी नाही. बेनामी पॅडमध्ये काय आहे ते कोणी सांगू शकत नाही. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात गेले तर त्याचा रोग वीस-तीस वर्षांनी वर येतो, कॅन्सरही होतो. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांच्या आरोग्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली निर्देश दिले ते याच कारणाने. धूळ ओल्या फडक्याने पुसावी किंवा ब्रेक क्लीनर मारून खाली उतरवावी, तोंडाला चांगला मास्क बांधावा आणि ते फडके घरच्या कपड्यांबरोबर धुवायला नेऊ नये. शिकाऊ पोराच्या हातात एअरचा पाइप देणाऱ्या उस्तादांनी एवढे जरूर पाहावे.

पॅड बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल सात-आठ वेळा दाबून कडक करून घ्यावे. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिले दोन-तीन दाब पोकळ जातात. गॅरेजच्या दारातच भिंतीला गाडी लागण्याचे प्रकार यामुळेच होतात. मग पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर भार कमी ठेवावा, पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवावे आणि ब्रेक हलक्या हाताने, सावकाश मारावा. या काळात पॅडचा मसाला डिस्कच्या पृष्ठभागाशी जमून येतो. पहिल्याच दिवशी गाडी भरून घाटात नेली तर मसाला चकाकतो, काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग पुढे कायम चिरकतो. मालाची फेरी ठरलेली असेल तर पॅडचे काम तिच्या चार-पाच दिवस आधी उरकावे.

काम झाले की त्या दिवशीचे किलोमीटर, पॅडचे नाव आणि पार्ट नंबर बिलाच्या पाठीवर लिहून ते बिल आरसी बुकाबरोबर ठेवावे. पुढच्या वेळी दुकानात "वॅगनआरचे द्या" म्हणायची वेळ येत नाही, आणि हा संच किती चालला हेही नेमके कळते.